कांताच्या कमरेचा कासरा

आमच्या घरात बैल नाही. कधीच नव्हता. तरी दारामागच्या खुंटीवर कासरा टांगलेला आहे आणि त्याची गाठ अजून तशीच आहे. नवा माणूस घरात आला की विचारतो, काका, बैल विकले काय? मी सांगतो, बैलाचा नाही, बायकोच्या कमरेचा आहे. तो हसतो. खरं सांगितलं की लोक हसतात, हे मी आता धरूनच चालतो.

माझी बायको कांता फोटो काढायची. कळंबला आमचं घर, घरापुढे तिचा स्टुडिओ. मी चौथी शिकलेला. जन्मभर जीप हाकली, कळंबहून यवतमाळ, यवतमाळहून कळंब. लिहायचा मला सराव नाही. पण ती गेल्यापासून जो येतो तो म्हणतो, काकू फार चांगल्या होत्या. मेलेली माणसं सगळीच चांगली असतात. ती कशी होती ते कोणी बोलत नाही. म्हणून बसलो लिहायला.

ती तापट होती. भाजीत मीठ विसरायची आणि कबूल करायची नाही. माझ्या बरोबरीनं ती कधी चालली नाही, नेहमी चार पावलं पुढे. लग्न झालं त्या वर्षी लोक मला म्हणाले, बायकोच्या मागं मागं काय जातो बे? मी म्हटलं, तिला गाठून दाखवा, मग बोला.

स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला माणूस बसला आणि दात काढू लागला की ती म्हणायची, "हसू नका भाऊ. सरकारले तुमचे दात नाही पाह्यचे." एक नवी नवरी सारखी पापण्या पाडत होती. तिला म्हणाली, "डोये उघड माय, नवरा नाही समोर, मी हावो." ती पोरगी अशी हसली की फोटो पुन्हा काढावा लागला.

लग्नाच्या फोटोंवर आमचं घर चाललं, पण लग्नं तिला आवडायची नाहीत. "उभ्या माणसाचा काय फोटो काढायचा? उभं तर झाडबी राह्यते." तिला पळणारं लागायचं. कबड्डी, शाळेच्या शर्यती, कुत्र्यामागं लागलेलं कुत्रं. आणि सगळ्यांच्या वर शंकरपट.

ज्यानं पट पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो. सरळ लांब वाट मोकळी करतात, तिला दाण म्हणतात. हलक्या गाडीला बैलजोडी जुंपतात, वर एकटा हाकणारा, तो धुरकरी. झेंडी पडली की जोडी सुटते आणि कमी वेळात जी पल्ला गाठते ती जिंकते. सगळा खेळ काही सेकंदांचा. पाणी प्यायला मान वर केली तर जोडी गेलेली असते.

बाकीचे फोटोवाले बाजूला उभे राहायचे. कांता दाणेच्या शेवटी उभी राहायची, बैलांच्या तोंडासमोर. मी विचारलं, काहून? म्हणाली, "बाजूनं बैलाचं पोट दिसते. समोरून त्याचा जीव दिसते." उभं राहण्याआधी चपला काढून ठेवायची. जोडी सुटली की जमीन तळपायाला सांगते, असं तिचं म्हणणं. मी पण चपला काढून पाहिल्या. मला काटाच रुतला.

तेव्हा तिच्याकडे लहान भिंग होतं. ती त्याला लेन्स म्हणायची, मी भिंग म्हणतो. लहान भिंगातून दूरचं मोठं दिसत नाही, म्हणून जवळ जावं लागायचं. आणि काचेला डोळा लावलेल्या माणसाला बैल किती जवळ आला ते कळत नाही. त्याला बैल फक्त मोठा होत गेलेला दिसतो, आणि बैल मोठा झाला की फोटोवाल्याला आनंद होतो. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकी सगळं तिच्यातूनच झालं.

राळेगावकडच्या एका पटात मी तिच्या मागे उभा होतो. जोडी आली. धुरकरी बोंबलत होता, "हटा, हटा!" ही हलेना. मी पदर धरून ओढलं. पदर फाटला, ती पडली, बैलाचा खूर तिच्या बाजूला काढलेल्या चपलेवरून गेला. ती उठली ती माझ्यावरच आली. "अर्धा फोटो राह्यला माहा तुमच्यापायी!"

दुसऱ्या दिवशी बाजारात गेली आणि बैलाचा कासरा घेऊन आली. सुती, मऊ, नवा. म्हणाली, "लुगडं फाटते. ह्यानं ओढजा." पुढच्या पटापासून कासरा तिच्या कमरेला आणि दुसरं टोक माझ्या मुठीत. दाणेवर ती स्वतः चुन्याची रेघ मारून घ्यायची. बैलाचा पुढचा खूर रेघेवर पडला की मी ओढायचं. ती थांबा म्हणाली तरी ओढायचं. ती शिव्या देईल तरी ओढायचं. हे तिनेच ठरवलेलं. त्यामुळे इतकी वर्षं पटात जाऊन मी एकही पट धड पाहिला नाही. मी चुना पाहिला.

लोकांना मजा वाटायची. "काका, काकूले पटात उतरवता काय औंदा?"

कांताच उत्तर द्यायची. "उतरवलं असतं गा, पण धुरकरी म्हातारा हाये. जोडी हरते."

केळापूरकडचे एक शामराव होते, पांढरी जोडी बाळगणारे. ते फोटोला फार भ्यायचे. पळायच्या आधी बैलाचा फोटो काढला तर दृष्ट लागते, ही आमच्याकडची जुनी समजूत. कांता दिसली की ते बैलाच्या तोंडावर घोंगडं टाकायचे. एकदा चारचौघांत म्हणाले, "बाई, तुह्या मशिनीनं माह्या बैलाचा पाय मोडन." मला राग आला. ती शांतपणे म्हणाली, "शामरावभाऊ, मी पळताना काढते. पळताना नजर लागत नाही. नजरेले तेवढा वेळच नाही भेटत." शामराव विचारात पडले. त्यांनी घोंगडं काढलं नाही, पण पळताना तिनं फोटो काढलाच, आणि त्या दिवशी जोडी पहिली आली. पुढे त्यातला एक बैल म्हातारा होऊन मेला, तेव्हा ते स्टुडिओत आले आणि खाली मान घालून बसले. तिनं न विचारता फोटो मोठा करून दिला. तो त्यांच्या गोठ्यात, देवाच्या तसबिरीच्या बाजूला आहे.

मग तिला धाप लागायला लागली. स्टुडिओचं शटर वर करताना थांबायची. मी विचारलं की म्हणायची, शटर गंजलं. मी शटरला तेल दिलं. तरी थांबायची. यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्याकडे पाहून सांगितलं, हृदय कमजोर आहे, औषध चुकवायचं नाही, धावायचं नाही, दचकायचं नाही, वजन उचलायचं नाही.

ती म्हणाली, "वजन म्हणजे केवढं?"

"पाण्याची बादली पण नको."

"बादली मी तशीबी नाही उचलत. आमचे हे उचलते."

डॉक्टर हसले. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात कासरा आला. धावायचं नाही म्हणजे जोडी आली तर तिला बाजूला होता येणार नाही. दचकायचं नाही म्हणजे मी एकदम ओढलं तर? ओढलं नाही तर बैल, ओढलं तर मी. जीप हाकत घरी येताना मी तिला म्हटलं, पट बंद. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. कळंबला उतरताना म्हणाली, "मी दूर उभी राहीन. दूरची लेन्स घेऊ."

मला वाटलं बरं झालं. मला कुठं माहीत होतं, भिंग जेवढं दूरचं तेवढं जड असते.

तिला माहीत होतं. त्या दिवसापासून पाट्यावरचा वरवंटा गायब. सकाळी पाहतो तर ही अंगणात उभी, वरवंटा दोन्ही हातांनी धरून डोळ्याला लावलेला, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलींवर तो फिरवून राहिली. शेजारची सुमन भिंतीवरून पाहत होती.

"काकू, हे काय चाललं व?"

"फोटो काढून राह्यली तुहा. हलू नको."

"वरवंट्यानं?"

"मंग! चटणीबी वाटते, फोटोबी काढते."

मी तिच्या हातातून वरवंटा ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी वरवंटा जीपच्या सीटखाली लपवला. तर तिनं शेजारचा मागून आणला. रोज थोडा वेळ वाढवायची. मी दारात उभा राहून तिच्या पाठीकडे पाहायचो. श्वास कुठे अडकतो काय, एवढंच पाहायचो.

शेवटी नागपूरला गेलो. मोठं दुकान, कपाटात सगळी भिंगं मांडलेली, थंड हवा. दुकानदार पोरगेलासा, बोलायला गोड. त्यानं दोन भिंगं काढली. एक हलकं, झूम, लांबचंही दिसते आणि मागे फिरवलं की जवळचंही. दुसरं जुनं, कोण्या पेपरवाल्यानं वापरलेलं, तोफेच्या नळीसारखं. ते फिरत नाही. जेवढं लांबचं आहे तेवढंच दाखवणार. मी ते हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. वरवंटाच होता तो.

दुकानदार म्हणाला, "काकू, झूम घ्या. हलकी आहे, तुमच्या वयाला बरी."

"माह्या वयाचं राहू द्या. उजेडाचं सांगा."

त्यानं पुष्कळ सांगितलं. मला समजलं ते एवढंच, हलक्याचं तोंड लहान, त्यात उजेड कमी जातो. जड्याचं तोंड परातीएवढं. कांता म्हणाली, "आता नाही पाहत. दिवस बुडू द्या." आम्ही समोरच्या टपरीवर चहा पीत बसलो. पटाचे शेवटचे, मोठे सामने दिवस कलल्यावर होतात, धुरळा उडून राहिलेला असतो, त्यासाठी ही वाट पाहत होती. दिवे लागायच्या वेळेला ती दुकानाच्या दारात उभी राहिली आणि दोन्ही भिंगांनी रस्त्यावरच्या गाड्यांचे फोटो काढले. मग मला बोलावलं. हलक्यातल्या फोटोत मोटरसायकलचं चाक आंबिलीसारखं पसरलं होतं. जड्यातल्या फोटोत चालवणाऱ्याच्या ओठाला चिकटलेला तंबाखूचा खर्रा दिसत होता.

मी म्हटलं, "हलकं घे."

"पाह्यलं ना तुम्ही दोन्ही?"

"पाह्यलं. हलकं घे. डॉक्टर काय म्हणे?"

"डॉक्टर म्हणे धावू नका. हलकी घेतली तर संध्याकाळी उजेड नाही पुरत, मंग मी जवळ जाईन. जवळ गेली तर धावाच लागन."

"मंग कोणतंच नको घेऊ. घरी बस."

तिनं भिंग काउंटरवर ठेवलं. "घरी बसून काय करू? तुमचा फोटो काढू? तुम्ही तर हालतबी नाही."

पोरगा हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तसा काउंटर पुसू लागला. कांता माझ्याजवळ आली आणि हळू बोलली. एवढं हळू ती कधी बोलायची नाही.

"ऐका. झूम घेतली तर बैल जवळ आला का मी मागं फिरवीन. तो आणखी जवळ आला का आणखी फिरवीन. तो मावत जाईन अन मी उभीच राहीन. माहा स्वभाव मले माहीत हाये. हे जड फिरतच नाही. जोडी जवळ आली का त्यात मावणारच नाही. लेन्सच मले सांगन, कांता, बस झालं, हट आता."

"अन वजन?"

"एका पायाचा दांडा लावू खाली. वजन दांड्यावर. मी फक्त डोळा लावीन."

"अन उचलून नेईन कोण?"

"तुम्ही. आणखी कोण?"

दूर राहायचं तर जड घ्यायचं, हलकं घ्यायचं तर जवळ जायचं. दोन्हीकडे तिचा जीव होता. मी जड्यावर हात ठेवला. किंमत विचारू नका. ते भिंग मी खांद्यावर घेऊन दुकानाबाहेर आलो, ती चार पावलं पुढे.

त्या हंगामात ती सांगितल्यासारखी वागली. दाणेच्या शेवटापासून पुष्कळ मागे उभी राहायची. मी दांडा रोवायचो, भिंग चढवायचो, बाजूला व्हायचो. कासऱ्याची आता गरज नव्हती. तरी ती तो पिशवीतून काढायची आणि स्वतः कमरेला गाठ मारायची. मी म्हटलं, आता कायले? म्हणाली, "सवय झाली. मागं कोणी धरलेलं असलं का फोटो हालत नाही."

मुकुटबनजवळचा पट शेवटचा. सोयाबीन निघालेलं वावर, दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी, लाउडस्पीकरवर गळा बसलेला माणूस. दिवस कलला होता. धुरळ्यातून ऊन तांबडं दिसत होतं. शेवटची जोडी उभी राहिली, एक काळा बैल, एक तांबडा. काळा सुटायच्या आधीच नाचत होता. मला ते आवडलं नाही. मी कासरा हाताला एक वेढा देऊन धरला.

झेंडी पडली. जोडी अर्ध्या दाणेपर्यंत बाणासारखी आली. मग गर्दीतून कोणीतरी फेटा उडवला. काळा बिचकला. जोडीनं दाण सोडली. माणसं ओरडत फाकली आणि गाडी वाकडी होत आमच्या अंगावर यायला लागली. धुरकरी मागे पडून लोंबकळत होता. चुन्याची रेघ कुठेतरी बाजूला राहिली. मला पाहायला रेघच नव्हती.

"कांता, बस!"

खटखटखट आवाज चालूच. आता त्या भिंगात मावण्यासारखं काहीच नव्हतं. बैलाचा डोळा असेल, नाहीतर नाकातला फेस. तरी तिचं बोट थांबेना. भिंगानं तिला सांगितलं असेल. तिनं ऐकलं नाही. एकदम ओढावं तर तिचं हृदय, न ओढावं तर काळा बैल. मी ओढलं नाही. मी पुढे धावलो, कासरा गोळा करत तिच्यापर्यंत गेलो, कमरेला मिठी घातली आणि तिला घेऊन बाजूला पडलो. तिनं भिंग सोडलं नाही. दांड्यासकट ते तिच्या छातीवर आलं. गाडीचं चाक आमच्या पायांजवळून गेलं. मातीचा लोट आला.

धुरळा बसला तेव्हा ती आडवी पडून हसत होती. "आला! आला हो फोटो!"

"बरी हायेस?"

"मले काय झालं?"

लोक धावत आले. पलीकडे जोडी थांबली होती, धुरकरी उठून उभा राहिला होता. कांता उठली, पदर खोचला, कासऱ्याची गाठ सैल करून तो खाली टाकला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "त्या पोराले लागलं का पाहून येते. तुम्ही इथंच राहा, लेन्सपाशी."

"मीबी येतो."

"लेन्स कोण सांभाळन? पाहा एकदा त्यातून. हंगामभर उचलता, पाह्यलं कधी?"

खरंच पाहिलं नव्हतं. ती निघाली, वावरातून, भरभर, नेहमीसारखी. मी दांडा सरळ केला, भिंग तिकडे वळवलं आणि डोळा लावला. आधी सगळं धुकं. मग ती धुकं घालवायला फिरवायची ती कडी फिरवली आणि एकदम धुरकऱ्याचं तोंड माझ्यापुढे आलं, कपाळावरचं रक्त, मातीत मिसळलेलं. ती त्याच्याशी बोलत होती. त्याच्या खांद्यावर तिनं थाप मारली. मग ती गर्दीतून निघाली आणि एका रिकाम्या बैलगाडीच्या आडोशाला गेली. तिथे कोणी नव्हतं.

तिथे तिनं चाकाचा आधार घेतला. हळूहळू खाली बसली. डाव्या छातीवर हात दाबून धरला. तोंड उघडं होतं, मासोळीसारखं. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी एवढ्या दूर होतो की साध्या डोळ्यांना ती गाडीही नीट दिसली नसती. काचेत तिच्या पापणीवरची धूळ दिसत होती. हाक मारली तर पोचली नसती. मी डोळा काढला नाही. काढला तर ती पडेल असं मला वाटलं.

थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. गालावर दोन्ही हातांनी हलक्या चापट्या मारल्या, स्टुडिओत नवरीला मारायची तशा, रंग यावा म्हणून. चाक धरून उभी राहिली. इकडे पाहिलं, सरळ माझ्याकडे. तिला वाटलं असेल, एवढ्या दुरून म्हाताऱ्याला काय दिसते. आणि तिनं हसू आणलं. मी ते येताना पाहिलं.

मग ती निघाली. काचेत मोठी होत होत आली. आधी पूर्ण होती, मग कमरेपर्यंत, मग फक्त तोंड. मग ती मावेना.

मी डोळा काढला. ती समोर उभी होती.

"पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"काय दिसलं?"

"बैल."

ती हसली. मी खाली पडलेला कासरा उचलला आणि तिच्या कमरेला बांधला. मी स्वतः बांधायची ती पहिलीच वेळ, गाठ वाकडी पडली.

"अहो, पट तर संपला. आता कायले?"

"असू दे. आता इथून सरळ यवतमाळ, डॉक्टरकडे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदा त्या भिंगाकडे पाहिलं. भांडली नाही. मी भिंग खांद्यावर घेतलं आणि आम्ही जीपकडे निघालो. लोक हसत होते, कोणी ओरडलं, "काका, जोडी कुठं घेऊन चालले?" तिनं फक्त हात वर करून दाखवला. ती पुढे, मी मागे, मधे कासरा. मी घट्ट धरला होता, आणि ती नेहमीसारखी चार पावलं पुढे जायला पाहत होती.